शेंडी आपल्याकडे असलेला नारळ

स्थिरचित्रासाठी नारळ मांडायचा तर तो आडवा मांडावा आणि त्याची शेंडी डावीकडे किंवा उजवीकडे असावी, असे मी शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. त्यामागे कारण आहे. शेंडी बाजूला असली की नारळाचा लांबट आकार कळतो, त्याच्या अंगावरच्या शिरा दाखवता येतात आणि पाहणाऱ्याच्या मनात शंका राहत नाही. शेंडी थेट आपल्या दिशेने असेल तर उरतो तो एक तपकिरी गोळा आणि त्याच्या मध्यभागी केसांचा झुपका. परीक्षेला बसणाऱ्या मुलांना मी बजावत असे, की असा नारळ समोर आला तर सरळ हात वर करा आणि जागा बदलून मागा.

माझ्या वर्गात आजवर आलेले सर्वांत चांगले चित्र नेमका हा नियम मोडून काढलेले आहे. ते मी काढलेले नाही. पण ते माझ्या वर्गात वाचले गेले, आणि त्याचा मला जो अभिमान वाटतो तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही.

निवृत्तीनंतर कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये मी दर रविवारी सकाळी मोठ्या माणसांसाठी चित्रकलेचा वर्ग घेते. बहुतेकांनी शाळा सुटल्यापासून ब्रश हातात धरलेला नसतो. त्यांचा पहिला धडा मी मंडईत घेते. भाजीच्या ढिगांसमोर उभे करून विचारते, ‘वांगं कोणत्या रंगाचं आहे?’ सगळे ‘जांभळं’ म्हणतात. मग वांग्याच्या फुगीर पाठीवर पडलेला आकाशाचा फिकट निळा आणि शेजारच्या टोमॅटोंची त्याच्या पोटाशी आलेली तांबूस झाक मी त्यांना शोधायला लावते. एकदा आमचा हा अभ्यास बराच लांबला, तेव्हा भाजीवालीने विचारले, “ताई, घ्यायचीत का नुसती बघायचीत?”

“आज बघायचीत,” मी खरे ते सांगितले.

“मग जरा कडेला होऊन बघा. खाणारे खोळंबलेत.”

आम्ही कडेला झालो. पण त्या दिवशी वर्ग एक महत्त्वाची गोष्ट शिकला. वस्तूचा रंग हा तिच्या एकटीचा नसतो, शेजाऱ्यांचा त्यात वाटा असतो.

वर्गाची दुसरी शिस्त चित्र वाचण्याची. चित्र फळ्याला टेकवून ठेवायचे आणि काढणाऱ्याचे नाव सांगायचे नाही. काढणारी व्यक्ती समोर बसलेली असली तरी तिने शेवटपर्यंत गप्प राहायचे. इतरांनी आधी केवळ काय दिसते ते सांगायचे. मग रंग कोणते, उजेड कुठून येतो, काय मुद्दाम वगळले आहे, हे पाहायचे. अर्थ सर्वांत शेवटी. माणसांना अर्थाची फार घाई असते. पांढरा म्हणजे शांती, लाल म्हणजे मंगल, काळा म्हणजे अशुभ, अशी कोष्टके पाठ करून ती येतात आणि चित्रावर ठेवून पाहतात. मी त्यांना सांगते, की नुसता पांढरा म्हणजे काय या प्रश्नाला उत्तर नाही. पांढरा कोणाशेजारी आहे आणि कोणत्या उजेडात आहे, हे आधी सांगा.

या वर्गाला हडपसरहून एक बाई येत असत. मूळच्या अमरावतीकडच्या, नोकरीमुळे पुण्यात आलेल्या आणि एका संगणक कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या. वय चाळिशीच्या थोडे पुढे. काही वर्षांपूर्वी त्यांचे पती वारले होते. हडपसर ते कर्वेनगर म्हणजे शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा प्रवास, तरी सर्वांच्या आधी येऊन रंगांसाठी पाण्याची भांडी भरून ठेवणाऱ्या त्याच.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी गाडीतून चादरीत गुंडाळलेले एक चित्र आणले.

“बाई, हे घरी केलंय. पुढच्या रविवारी वाचायला ठेवाल? पण माझं आहे हे अजिबात कळू देऊ नका.”

“नाव आपण कुणाचंच सांगत नाही.”

“हो, पण माझ्या बाबतीत लोकांना नाव लागत नाही. मी नुसती आले, की ते मलाच वाचून मोकळे होतात.” त्या हसल्या. “ऑफिसात निदान आधी माझ्या स्लाइड्स वाचतात.”

मग हसणे थांबवून त्यांनी एक अट घातली. “वाचताना कुणी ‘बिचारी’ म्हणालं, तर चित्र मी परत नेणार. प्रदर्शनात लावायचं नाही. हे गेले तेव्हापासून तो शब्द ऐकतेय. आता भिंतीवर टांगून आणखी ऐकायचा नाही.”

वर्गाचे पहिलेवहिले प्रदर्शन मार्चमध्ये व्हायचे होते. मी घरी येऊन चादर सोडली, चित्र खुर्चीवर ठेवले आणि काही मिनिटांतच मनाशी ठरवले, की दालनात दारासमोरची भिंत या चित्राची. म्हणजे अट त्यांची होती, पण त्या अटीत आता मीही अडकले होते.

चित्रात होते ओटीचे ताट. लाकडी टेबलावर पांढरे कापड, त्यावर पितळी ताट, ताटात तांदळाची रास, घडी घातलेला हिरवा खण, सुपारी, हळकुंड, विड्याची पाने आणि नारळ. उजेड वस्तूंच्या पाठीमागून येत होता. त्यामुळे प्रत्येक वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत होती, कडेला मात्र सोनेरी रेघ होती, आणि सावल्या लांबत आपल्याच दिशेने येत होत्या. हिरव्या खणाच्या चुण्यांत काळा रंग कुठेही वापरलेला नव्हता. हिरव्यात लाल मिसळून तो गडद केला होता आणि म्हणून त्या सावलीला ऊब होती. पांढऱ्या कापडात तर पांढरा शोधावा लागत होता. खणापाशी ते पोपटी होते, ताटापाशी मधासारखे पिवळे, टेबलाच्या कडेशी फिकट जांभळे. हे सगळे मंडईत शिकवलेले होते, पण माझ्या शिकवण्याच्या पुष्कळ पुढे गेलेले होते.

नारळ मात्र मला खटकला. शेंडी थेट माझ्या डोळ्यांसमोर. एवढी जाण असलेल्या बाईंनी हीच चूक का करावी, हे मला कळेना. पण वाचनाआधी बोलायचे नाही हा नियम मलाही लागू होता. मी चादर पुन्हा बांधली.

पुढच्या रविवारी चित्र फळ्याशी ठेवले. हडपसरच्या बाई नेहमीच्या जागी, खिडकीजवळ, हातात पेन घेऊन बसल्या होत्या.

पहिले बोलले ते आमच्या वर्गातले निवृत्त अभियंते. त्यांना सगळे काका म्हणतात. वर्गात त्यांची जीभ त्यांच्या ब्रशापेक्षा बारीक रेघ काढते.

“ताट दिसतंय. तांदूळ, खण, सुपारी,” ते म्हणाले. “आणि हा नारळ आहे असं मी गृहीत धरतो. ताटात दुसरं काय असणार?”

“काका, दिसतं तेवढंच सांगा.”

“दिसतं तेच सांगतोय. शाळेत असा नारळ काढला असता, तर आमच्या मास्तरांनी तो आमच्याच डोक्यावर वाढवला असता.”

वर्ग हसला. वास्तुकलेचे शिक्षण घेणारी एक मुलगी आमच्याकडे येते. ती हसली नाही. ती म्हणाली, “बाई, मला हे ॲक्च्युअली खूप डार्क वाटतंय. सगळं शॅडोमध्ये आहे.”

“शॅडो कोणत्या बाजूला पडलीय?”

“आपल्या.”

“मग उजेड?”

“मागून. पलीकडून.”

“छान. आत्ता एवढंच लिहून ठेवा. अर्थ नंतर.”

पण काकांना नंतरपर्यंत थांबवत नव्हते. “वगळलंय काय, ते मी सांगतो. कुंकू. हळदीकुंकवाची कुयरी नाही आणि ओटीचं ताट मांडलंय, म्हणजे चहाच्या ट्रेमध्ये सगळं आहे, फक्त चहा नाही. लाल रंगच नाही चित्रात. लाल म्हणजे सौभाग्य, ते वजा. खाली पांढरं कापड. वस्तूंवर अंधार. बाई, हे गणित तोंडी सुटतं. हे वैधव्याचं चित्र आहे.”

माना हलल्या. उत्तर सुबक होते, आणि सुबक उत्तरांची शिक्षक म्हणून मला नेहमीच भीती वाटत आली आहे. विद्यार्थी तिथे पोहोचला की पुढे पाहणे बंद करतो.

“सो सॅड,” ती मुलगी हळूच म्हणाली. “ताट समोर आहे आणि तिला घेता येत नाहीये. बिचारी.”

मी खिडकीकडे पाहिले. त्यांनी पेनाला टोपण लावले, पेन पर्समध्ये ठेवले आणि पर्सची चेन ओढली. चेहरा होता तसाच होता. चित्र आता त्यांच्याबरोबर हडपसरला परत जाणार, हे वर्गात फक्त आम्हा दोघींना माहीत होते. चित्राच्या बाजूने मी बोलू शकत नव्हते, कारण मी बोलले असते तर ते वाचन न राहता माझे व्याख्यान झाले असते आणि त्यांना माझी वकिली नको होती. शिक्षकाच्या हाती अशा वेळी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे आणखी एक प्रश्न.

“अजून कुणाला काही दिसतंय?” मी विचारले. “अर्थ नकोय. नुसतं दिसतंय ते.”

मागच्या रांगेतून बांगड्यांचा आवाज आला. ज्यांच्या शेतांवर आज आमच्या सोसायट्या उभ्या आहेत, अशा इथल्या जुन्या घराण्यातल्या एक बाई वर्गाला येतात. दारात भली मोठी गाडी लावतात आणि वर्गाला पेढे आणतात. त्यांना सगळे वहिनी म्हणतात. एरवी त्या वाचनात फारशा बोलत नाहीत. आज त्या उठल्या, चित्रापुढे येऊन कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि मागे वळल्या.

“काका, तुम्ही कधी ओटी भरून घेतलीय?”

“नाही बुवा. तो योग काही आला नाही.”

“मंग नारळाला नावं का ठेवताय? नारळ बरोबर हाय. शेंडी आपल्याकडं हाय.”

“ते दिसतंय की. तेच तर चुकलंय.”

“अहो, चुकलंय कसं? ओटी भरताना जिची भरायची तिच्याकडं शेंडी धरत्यात. शेंडी माझ्याकडं हाय, म्हंजे ही ओटी माझी हाय. हितं जो येऊन उभा राहील त्याची हाय. तुम्ही उभं राहिलात तर तुमची.”

“या वयात मला सौभाग्यवती करताय?”

“तुम्हाला कोण करतंय! ताटाचं चाललंय.”

मी स्वतः लग्न केले नाही. ओटीसाठी पदर पुढे करण्याचा प्रसंग माझ्यावर आला नाही, आणि हळदीकुंकवाच्या घरी मी नेहमी पुस्तकांच्या कपाटाशी उभी राहत आले. शेंडी कुणाकडे धरतात हे मी कधीतरी पाहिले असणारच, पण चित्रात ते मला दिसले नव्हते. मला फक्त काढायला अवघड असा एक कोन दिसला होता. वहिनींच्या त्या एका वाक्यासरशी सगळे चित्र जागच्या जागी फिरले.

त्या मुलीलाही ते फिरताना दिसले असावे. ती उठून वहिनींच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “वेट. मग ती घेणारी नाहीये. घेणारे आपण आहोत. ती पलीकडे आहे. ती देतेय.” तिने चित्रातल्या सोनेरी कडांवरून हवेतच बोट फिरवले. “आणि लाइट तिच्या बाजूने येतोय. बाई, मी मघाशी ‘बिचारी’ म्हटलं ना, ते रॉंग आहे. ते खोडा.”

“मी लिहिलंच नव्हतं. तू म्हटलंस, तूच खोड.”

“खोडलं,” ती म्हणाली, आणि आपल्या वहीत तिने खरोखरच एक ओळ खोडली.

आता रंगांकडे वळायला हरकत नव्हती. मी काकांना पुढे बोलावले आणि खणाच्या चुण्यांकडे बोट दाखवले. “चित्रात लाल नाही, असं म्हणालात. इथे जवळून बघा.”

काकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिले. “यात लाल आहे की.”

“आणखी कुठे?”

“इथे. इथेही. सगळ्या सावल्यांत आहे.” ते सरळ उभे राहिले. “म्हणजे वजा नाहीये.”

“नाही. वेगळा मांडलेला नाही, मिसळलेला आहे. आणि पांढरं कापड?”

त्यांनी कापड बराच वेळ न्याहाळले. शेवटी म्हणाले, “ह्यात पांढराच सापडत नाही. माझं गणित नापास.”

आमच्या रिवाजाप्रमाणे मी विचारले, की हे चित्र ज्यांचे आहे त्यांनी उभे राहावे. खिडकीजवळच्या बाई उठल्या. वर्ग चपापला. काका तर आपल्या बुटांकडे पाहू लागले. पण बाईंच्या आवाजात कुणाला शिक्षा करण्याचा हेतू नव्हता.

“आमच्या घरी ओटीचं ताट मीच मांडते,” त्या म्हणाल्या. “सासूबाई म्हणतात, तुझ्यासारखं कुणाला जमत नाही. मांडून झालं, की ताट जाऊबाई उचलतात, आणि मी आणि सासूबाई आत चहा टाकायला जातो. सासूबाईंना त्याची फार जुनी सवय आहे, मला नवी. कुणी वाईट बोलत नाही हो. सगळे फार प्रेमानं बाजूला करतात. एका सकाळी मी नेहमीसारखं ताट मांडलं, खिडकीच्या बाजूला उभी राहून, जशी भरणारी उभी राहते तशी. आणि म्हटलं, आज उचलू नका, मला चित्र काढायचंय. मग टेबलाला वळसा घालून इकडे आले आणि काढायला बसले. म्हणजे भरली पण मीच आणि घेतली पण मीच.”

“मंग तर डबल झालं!” वहिनी म्हणाल्या, आणि अवघडलेला वर्ग मोकळा हसला.

काकांनी घसा साफ केला. “एक विचारू? टोमणा नाही, प्रश्न आहे. कुयरी का नाही ठेवली?”

“कुयरी ठेवली, की आधी समोरच्याचं कपाळ बघावं लागतं, काका. हिला लावायचं की नाही, ते ठरवावं लागतं. मला कुणाचं कपाळ बघायचं नव्हतं.”

काका पुण्याचे. सरळ कौतुक करण्याची त्यांना सवय नाही. ते चित्राकडे पाहत म्हणाले, “असा नारळ काढायला अवघड जातो.”

“बरेच बिघडले.”

“दिसत नाही तसं,” काका म्हणाले. यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र त्यांनी आमच्या वर्गात कोणालाही दिलेले नाही.

हडपसरच्या बाई सोडून सगळे गेल्यावर मी चित्र चादरीत बांधायला घेतले. अटीचा विषय मला काढावाच लागला. “तो शब्द आला होता.”

“आला होता,” त्या म्हणाल्या. “पण जिनं म्हटला, तिनंच मागे घेतला. आणि माझ्याकडे बघून नाही, चित्राकडे बघून. इतक्या वर्षांत कुणी मागे घेतला नव्हता, बाई.” त्यांनी माझ्या हातातली चादर काढून घेतली आणि स्वतःच्या पिशवीत कोंबली. “चित्र इथेच राहू दे. लावा. आणि खाली माझं नाव जरा मोठं लिहा.”

वर्गाचे यश कशावरून मोजावे, याविषयी शिक्षकांमध्ये मतभेद असतात. कोणी श्रेण्या मोजतात, कोणी बक्षिसे. मी माझ्यापुरते असे मानते, की ज्या वर्गात मत बदलण्याची लाज वाटत नाही तो चांगला वर्ग. त्या रविवारी माझ्या वर्गाने आपले सुबक उत्तर सर्वांसमक्ष टाकून दिले आणि पुन्हा पाहिले. मी शाळेत शिकवलेल्या कोणत्याही तुकडीविषयी मला याहून अधिक अभिमान वाटलेला नाही.

मार्चमध्ये चित्र दारासमोरच्या भिंतीवर लागले, खाली ठळक अक्षरांत नाव. पहिल्या दिवशी काका सकाळपासून त्याच्या आसपास घुटमळत होते आणि येणाऱ्यांना अडवून सांगत होते, “अर्थाची घाई करू नका. आधी शेंडी बघा.” बायका मात्र त्यांचे ऐकण्यापूर्वीच शेंडी पाहत होत्या. चित्रासमोर उभ्या राहिलेल्या कित्येकींचा हात नकळत पदराकडे किंवा ओढणीकडे जात होता, आणि लक्षात आल्यावर त्या स्वतःशीच हसून पुढे सरकत होत्या.

दुपारी हडपसरच्या बाई आपल्या सासूबाईंना घेऊन आल्या. ठेंगण्या, ताठ, फिकट निळ्या सुती लुगड्यातल्या. त्यांनी चित्रापुढे उभे राहून, घरच्या ताटाकडे पाहावे तसे, प्रत्येक वस्तू तपासली.

“हे तं आपलंच ताट आहे.”

“हो आई.”

“तांदूळ जास्त घातले.”

“चित्रात जास्तच बरे दिसतात.”

सासूबाई आणखी जरा पुढे झाल्या. मान किंचित तिरकी करून त्यांनी नारळ पाहिला, मग आपण उभ्या होत्या ती जागा पाहिली, आणि पुन्हा नारळ.

“शेंडी माह्याकडे आहे,” त्या म्हणाल्या.

सासूबाईंनी खांद्यावरचा पदर दोन्ही हातांत घेतला, सरळ केला आणि हातभर पुढे धरला. दालनात माणसे होती, काही जण पाहतही होते, पण त्यांनी तो मागे घेतला नाही. तेव्हा हडपसरच्या बाई माझ्या शेजारून निघाल्या आणि भिंतीला पाठ लावून, आपल्या चित्राला खेटून, सासूबाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.